"मी कुठं काय केलं जी?": नम्रता की कमीपणा?

नागपुरात सत्काराला उभ्या राहिलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि "मी कुठं काय केलं जी, आपण तर साधा माणूस." टाळ्या पडतात. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणतं, "किती नम्र आहेत पाहा!"

असतीलही, पण ते या वाक्यावरून कळत नाही. नम्रतेत आणि स्वतःला कमी सांगण्यात मान सारखीच खाली जाते, म्हणून घोटाळा होतो. बोलणं संपल्यावर ऐकणाऱ्याचं लक्ष कोणाकडे वळतं, ही माझी खूण. "मी शून्य" म्हणणाऱ्याला समोरच्यानं लगेच "असं कसं साहेब, तुम्ही नसते तर..." म्हणावंच लागतं. विषय फिरून त्याच्यावरच येतो.

हे मला फजितीतूनच कळलं. ऑफिसात एका रिपोर्टचं कौतुक झालं, मी सवयीनं म्हणालो, "छे छे, काही विशेष नाही." त्यातली आकडेमोड एका ज्युनिअरनं दोन रात्री जागून केली होती. संध्याकाळी पार्किंगमध्ये हेल्मेट घालता घालता तो म्हणाला, "भाऊ, तुमचं नसंल काही विशेष. माझं तं होतं ना!" माझं काम खाली ढकलताना मी त्याचंही ढकलून दिलं होतं.

आता दुसरी बाजू. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत समारोपाचं भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला मिळणारं श्रेय वाटून दिलं, आणि तेही मोघम नाही. कच्चा मसुदा तयार करणारे सल्लागार बी. एन. राव यांचं नाव घेतलं. किचकट प्रस्ताव सोप्या, नेमक्या कायदेशीर भाषेत बसवणारे मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचं नाव घेतलं. रात्री उशिरापर्यंत राबणारे कर्मचारीही विसरले नाहीत. "मी काहीच केलं नाही" हे मात्र त्यात कुठंच नाही. कोणी काय केलं, एवढंच. माझ्या लेखी नम्रता म्हणजे असा चोख हिशेब.

त्याच भाषणात त्यांनी बजावलं की थोरांबद्दल कृतज्ञ राहा, पण आपलं स्वातंत्र्य कोणाच्या पायाशी ठेवू नका. मान झुकवणं वेगळं आणि ती गहाण टाकणं वेगळं. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्याच शहरात त्यांनी आधी वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली, मग लाखोंना दिली. ज्यांना पिढ्यान् पिढ्या वाकायलाच लावलं, त्यांना स्वाभिमान शिकवणारा माणूस स्वतः शिष्य म्हणून उभा राहिला. दीक्षाभूमीवर गेलं की मला हे आठवतं. आणि म्हणूनच, दबलेल्या माणसाला "जरा नम्र राहा" असा सल्ला देणारे मला खटकतात. त्याला नम्रतेची शिकवणी कशाला? ती टेबलाच्या या बाजूच्यांनी, म्हणजे खुर्चीत बसलेल्या आपल्यासारख्यांनी लावावी.

नम्र माणूस मवाळच बोलतो, हाही एक गैरसमज. आपल्या विदर्भातले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाची कानउघाडणी करत. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शिकवा. कोणी पाया पडायला आलं तर ते त्यांना चालत नसे.

स्टेटसवर रोज आपलाच फोटो टाकायच्या दिवसांत ही सवय लागते कशी? मला दोनच गोष्टी जमल्या. कौतुक झालं की "थँक्यू, बरं वाटलं" म्हणून थांबायचं आणि सोबत राबलेल्यांची नावं घ्यायची. चुकलं तर "माझं चुकलं" यापुढे "पण" लावायचा नाही. दुसरी अजून पुरती जमलेली नाही, बायकोला विचारा.

पुढच्या मीटिंगमध्ये मी त्या ज्युनिअरचं नाव घेतलं. बाहेर आल्यावर तो खूश दिसला, पण म्हणाला, "भाऊ, जुन्या फायली तं रेकॉर्ड रूमच्या काकांनी काढून देल्या होत्या. त्यांचंबी घ्यायला पाहिजे होतं."