कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेज: साहित्य आणि विज्ञानाचे ऐच्छिक विषय कसे निवडावेत

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षे करून पुढे यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) विद्यापीठात बदली घेणाऱ्यांचे एक नुकसान हमखास होते: विषय उत्तम निवडतात, गुणही मिळतात, पण तो विषय बदलीच्या यादीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. म्हणून नाव आवडले की नोंदणी, असे करू नका. आधी रकाना पाहा, मग विषय.

2025 च्या फॉल सत्रापासून यूसी आणि सीएसयू या दोन्ही विद्यापीठांसाठी कॅल-जीईटीसी हा बदलीसाठी लागणाऱ्या सामान्य शिक्षणाच्या विषयांचा एकच आराखडा आहे. त्यात 11 विषय, किमान 34 सेमिस्टर युनिट (श्रेयांक). साहित्य येते 3बी म्हणजे मानव्यविद्येच्या रकान्यात. तिथे एकच विषय लागतो आणि तत्त्वज्ञान किंवा इतिहासही चालतो. विज्ञानाला 5ए (भौतिक) आणि 5बी (जीवशास्त्रीय) असे एकेक विषय, आणि त्यांपैकी एकाला प्रयोगशाळा जोडलेली हवी, तो 5सी. प्रत्येक विषयात किमान सी श्रेणी लागते, सी-वजा चालत नाही. एखादा विषय दोन रकान्यांत दिसला तरी मोजला जातो एकातच.

प्रवेशासाठी हायस्कूल पूर्ण झालेले असावे किंवा वय 18 पूर्ण असावे. अर्ज सीसीसीअप्लाय या संकेतस्थळावर भरतात आणि त्याला शुल्क नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी अर्ज करता येतो. हायस्कूलमधली मुलेही शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीपत्रावर अर्धवेळ, म्हणजे 11 युनिटपर्यंत, विषय घेऊ शकतात.

खरा फरक पडतो तो रहिवासी ठरण्याने. रहिवाशाला सेमिस्टर युनिटमागे 46 डॉलर, बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. सत्र सुरू होण्याआधी वर्षभर आणि एक दिवस राज्यात वास्तव्य आणि इथेच राहण्याचा हेतू, दोन्ही कागदांवर दाखवावे लागतात: राज्याचे करविवरण, वाहनपरवाना, भाडेकरार, बँकेचे स्टेटमेंट. एच-1बी (नोकरीचा) आणि एच-4 (त्यांच्या जोडीदाराचा व मुलांचा) व्हिसावर असलेल्यांना रहिवासी ठरण्याची वाट मोकळी आहे. एच-4 वर शिकण्यासाठी व्हिसा बदलावाही लागत नाही. अनेक मराठी घरांत हे माहीत नसल्याने उगीच जास्त शुल्क भरले जाते. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर मात्र बाहेरचेच शुल्क लागते, आणि सत्राला किमान 12 युनिट घ्यावी लागतात.

भारतातली पदवी असेल तर गुणपत्रिकांचे मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्या. एखाद्या विषयाआधी लागणारे विषय (पूर्वअटी) झाल्याचे दाखवायला ते कामी येते. पण भारतीय विद्यापीठात केलेले साहित्याचे किंवा विज्ञानाचे विषय कॅल-जीईटीसीत धरले जात नाहीत. ते रकाने इथेच भरावे लागतात.

नोंदणीच्या आधी, कॉलेजचा कोणता विषय विद्यापीठात कुठे धरला जातो हे दाखवणारे असिस्ट डॉट ऑर्ग हे संकेतस्थळ उघडा, आपले कॉलेज आणि लक्ष्य विद्यापीठ निवडा, आणि विषयाखालची टीप वाचा. बारीक अक्षरातली ही टीप सगळ्यात महत्त्वाची. उदाहरणार्थ, कॅल्क्युलसवर आधारित भौतिकशास्त्र झाल्यावर मग सोपा प्रास्ताविक भौतिकशास्त्राचा विषय घेतला, तर यूसी त्याचे श्रेय देत नाही. अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांनी तर आधी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र उरकावे. साहित्याचा विषय नंतरही घेता येतो, मुख्य विषयांची साखळी मात्र एकदा चुकली की वर्ष जाते.

साहित्याच्या बहुतेक विषयांना इंग्रजी लेखनाचा पहिला विषय, आता त्याचा राज्यभर क्रमांक इंग्लिश सी1000, ही पूर्वअट असते. तो दुसऱ्या कॉलेजात केला असेल तर संगणक नोंदणी अडवतो. अशा वेळी गुणपत्रिका जोडून पूर्वअट मंजूर करून घ्या, आणि हे नोंदणीची तारीख उघडण्यापूर्वी करा, कारण मंजुरीला दिवस लागतात आणि तेवढ्यात जागा भरतात.

प्रयोगशाळेचा हिशेब नीट करा. व्याख्यानाचे एक युनिट म्हणजे आठवड्याला 1 तास वर्ग आणि सुमारे 2 तास घरचा अभ्यास. प्रयोगशाळेचे एक युनिट म्हणजे 3 तास प्रयोगशाळेत. म्हणजे प्रयोगशाळेसह 4 युनिटचे जीवशास्त्र आठवड्याला साधारण 12 तास खाते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने त्याच सत्रात लांबलचक कादंबऱ्यांचा साहित्यविषय घेऊ नये. दोन्ही रखडतात.

प्रतीक्षायादीवर असाल तर पहिल्या तासाला हजर राहाच. गैरहजराची जागा प्राध्यापक लगेच दुसऱ्याला देतात. विषय सोडायचा असेल तर सत्राच्या साधारण पहिल्या 20 टक्के काळात सोडला की गुणपत्रिकेवर काही उमटत नाही. त्यानंतर 75 टक्क्यांपर्यंत 'डब्ल्यू' (विषय सोडल्याची नोंद) लागतो, आणि एका विषयाच्या प्रयत्नांच्या मर्यादेत तोही धरला जातो.

शेवटच्या सत्रात कॉलेजच्या समुपदेशकाकडे कॅल-जीईटीसी प्रमाणपत्राची मागणी नोंदवा. ते आपोआप विद्यापीठाकडे जाईल असे धरून चालू नका.