पन्नास टनी क्रेनला सहा टन का झेपत नाहीत?

क्रेन उलटल्याच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: 'क्रेन पन्नास टन क्षमतेची होती, उचलत होती जेमतेम सहा टन, तरीही कलंडली.' वाचणाऱ्याला वाटतं, यंत्रातच खोट असणार, नाहीतर घडी वाईट होती. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. त्या जागी, त्या अंतरावर ती क्रेन सहा टन उचलू शकतच नव्हती, आणि हे तिच्या केबिनमधल्या तक्त्यावर छापलेलंही होतं.

घोळ 'पन्नास' या आकड्याचा आहे. हा आकडा क्रेन ज्या बिंदूभोवती फिरते तिथपासून साधारण ३ मीटरवर, आउटरिगरचे, म्हणजे बाजूला पसरून जमिनीवर टेकणाऱ्या आधारांचे, चारही पाय पूर्ण बाहेर काढून आणि सगळं काउंटरवेट (मागचं तोलाचं वजन) चढवून मिळतो. ३ मीटर म्हणजे भार जवळजवळ क्रेनच्या कुशीतच. असं काम प्रत्यक्षात क्वचित निघतं. क्रेनची खरी ताकद टनांत नसून टन-मीटरमध्ये असते: वजन गुणिले अंतर. शाळेत याला बलाचा आघूर्ण म्हणतात, साइटवर नुसतं मोमेंट.

एक सोपी क्रेन कल्पून हिशेब करून बघू. काउंटरवेट धरून यंत्र ४० टन, त्याचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या केंद्राच्या १ मीटर मागे. आउटरिगरचे पाय केंद्रापासून ३ मीटर बाहेर. क्रेन उलटलीच तर या पायांना जोडणाऱ्या रेषेवरून उलटेल, म्हणून सगळी अंतरं या रेषेपासून मोजायची. क्रेनला खाली दाबून ठेवणारा मोमेंट झाला ४० × ४ = १६० टन-मीटर. आता हूक केंद्रापासून २० मीटरवर न्या. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, स्वतः ५ टनांची, तिचा मध्य १० मीटरवर, म्हणजे उलटण्याच्या रेषेपासून ७ मीटर पुढे. भार उचलायच्या आधीच बूमने ३५ टन-मीटर खाल्ले. उरले १२५. भार त्या रेषेपासून १७ मीटरवर आहे, म्हणून १२५ भागिले १७, साधारण ७.३ टन. एवढ्यावर क्रेन उलटण्याच्या बेतात येते. आउटरिगरवर उभ्या क्रेनला यातले ८५ टक्केच वापरायचे, असा प्रचलित अमेरिकी नियम आहे. राहिले ६.२. हूक ब्लॉक (हुकासकट कप्प्यांचा ठोकळा), स्लिंग (भार बांधायचे पट्टे) आणि शॅकल (जोडणीच्या कड्या) हेही भारातच धरतात. त्यांचे ०.७ टन वजा केले की हाती येतात साडेपाच टन.

हूक आणखी ४ मीटर पुढे नेला, तर हाच हिशेब ४ टनांच्या आत येतो. किंवा २० मीटरवरच राहा, पण भिंत आड येते म्हणून पाय १ मीटर कमी बाहेर काढा. मग उरतात जेमतेम ३ टन. यंत्र, बूम, ऑपरेटर सगळं तेच, तरी क्षमता निम्म्याजवळ आली.

३ मीटरवर मात्र भार पायांच्या रेषेवरच येतो. तिथे उलटवणारं अंतर शून्य, म्हणजे क्रेन उलटणारच नाही. तिथली मर्यादा पोलादाची असते. म्हणून बऱ्याच तक्त्यांत एक जाड रेघ मारलेली दिसते: रेघेच्या एका बाजूचे आकडे स्थैर्याचे, दुसऱ्या बाजूचे मजबुतीचे. हा फरक जिवावरचा आहे. स्थैर्याच्या बाजूला चूक झाली, तर कधीकधी मागचा पाय हलका होऊन आधी इशारा मिळतो. मजबुतीच्या बाजूला तसं काही घडत नाही. मागचा पाय घट्ट टेकलेला असतानाच बूम मोडते. 'पाय उचलेपर्यंत उचलून बघू' म्हणणारे जुने हात इथेच फसतात.

शिवाय हे अंतर स्थिर राहत नाही. ४० मीटरची बूम ७५ अंशांवर असेल तर हूक बूमच्या बुडापासून सुमारे १० मीटरवर असतो. बूम १५ अंश खाली घेतली की तो २० मीटरवर जातो. भार तेवढाच, मोमेंट दुप्पट. भार जमिनीवरून सुटला की लांब बूम वाकते आणि हूक आपोआप अर्धा-एक मीटर पुढे सरकतो. म्हणून शहाणा ऑपरेटर भार चार बोटं वर घेऊन थांबतो आणि अंतर पुन्हा मोजून मगच पुढे जातो.

जमीन हा क्रेनचाच भाग समजावा. बूम एका कोपऱ्यावर आली की आपल्या हिशेबातल्या क्रेनच्या एका पायावर ३० टन येऊ शकतात. पायाची थाळी अर्धा मीटर चौरस असेल तर दाब होतो चौरस मीटरला १२० टन. बऱ्यापैकी घट्ट माती १५ ते २० टन सोसते. थाळीखाली दीड मीटर चौरसाची जाड, न वाकणारी मॅट घातली की दाब सुमारे सव्वातेरा टनांवर येतो. पातळ फळी घालून उपयोग नाही. ती मध्ये वाकते आणि दाब पुन्हा थाळीपुरताच उरतो. गाडलेलं गटार किंवा नुकताच भरलेला खड्डा पायाखाली आला, तर मॅटही वाचवत नाही. ३० मीटर उंचीवर एका अंशाचा कल म्हणजे टोक अर्धा मीटर बाजूला. लांब बूमला असा बाजूचा ताण सोसत नाही.

'आता क्रेनमध्ये संगणक असतो, तो चूक होऊच देत नाही' असं जाहिराती सांगतात. बूम उचलणाऱ्या सिलिंडरमधला दाब, बूमची लांबी आणि कोन मोजून हे यंत्र मोमेंट काढतं, मर्यादा आली की भोंगा वाजवून हालचाल अडवतं. उत्तम सोय आहे. पण काउंटरवेट किती, पाय किती बाहेर, दोराचे पदर किती, हे बऱ्याच क्रेनमध्ये ऑपरेटरनेच भरायचं असतं. चुकीचं भरलं तर संगणक चुकीचं उत्तर ठामपणे देतो. पायाखालची माती त्याला दिसतच नाही.

क्रेनचे प्रकार पाठ करण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: हिला उलटू न देणारा मोमेंट येतो कुठून? रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या क्रॉलर क्रेनमध्ये तो यंत्राच्या वजनातून आणि रुंद पट्ट्यांतून येतो. तिला आउटरिगर लागत नाहीत, भार घेऊन चालताही येतं, पण जमीन सपाट हवी आणि उलटण्याच्या भाराचे ७५ टक्केच वापरायचे. अणुवीज प्रकल्पांत वापरली जाणारी एसजीसी-२५० ही महाकाय क्रेन गोल रुळावर फिरते. तिच्या नावातले २५० टन नव्हेत; तिचा मोमेंट २,५०,००० टन-मीटर आहे. टॉवर क्रेनच्या मॉडेलांतही बऱ्याचदा टन-मीटरचाच आकडा असतो.

टॉवर क्रेनच्या मागच्या आडव्या हातावर काँक्रीटचे ठोकळे असतात. हूक रिकामा असला की मास्ट, म्हणजे उभा मनोरा, मागे झुकतो, भार आला की पुढे. दोन्हीकडचं वाकणं साधारण सारखं राहील इतपतच ठोकळे लावतात. क्रेन उंच करताना चढवणाऱ्या पिंजऱ्याने वरचा भाग उचलून धरलेला असतो आणि मास्टचे बोल्ट सुटे असतात. मास्टचा एखादा तुकडा हुकाला लावून ट्रॉली (हूक पुढेमागे नेणारी गाडी) नेमक्या अंतरावर नेतात, म्हणजे दोन्ही हात तोलले जातात. त्या वेळी जिब, म्हणजे पुढचा लांब हात, फिरवायची नाही. हा नियम मोडल्याने माणसं गेली आहेत.

कारखान्यातली छताखाली रुळांवर धावणारी विजेची ईओटी क्रेन आणि बंदरातली कमानीसारखी गोलायथ क्रेन यांच्यात हा प्रश्न उभाच राहत नाही; भार दोन रुळांच्या मधोमध असतो. बेलफास्टच्या जहाज कारखान्यातल्या दोन गोलायथ १४० मीटरच्या अंतरावरून प्रत्येकी ८४० टन उचलतात. इथे धोका पुन्हापुन्हा भार घेऊन पोलाद थकण्याचा, झिजलेल्या ब्रेकचा आणि हूक सर्वांत वर येऊन आदळू नये म्हणून बसवलेला लिमिट स्विच बिघडण्याचा. वितळलेलं पोलाद वाहणाऱ्या क्रेनची तपासणी म्हणूनच निराळ्या कडकपणाने होते.

वारा मात्र उघड्यावरच्या प्रत्येक क्रेनला ग्रासतो. सहा बाय चार मीटरचं, २ टनांचं भिंतीचं पॅनेल घ्या. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर सुमारे १८० किलोचा रेटा येतो. ४० मीटर दोरावर लटकलेलं ते पॅनेल साडेतीन मीटर बाजूला झुलतं. १९९९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत स्टेडियमच्या छताचा ४०० टनांहून जड तुकडा उचलताना मोठी क्रेन कोसळली आणि तीन कामगार मेले. छताच्या तुकड्यावर वारा किती रेटा देईल, हे पुरतं धरलं गेलं नव्हतं. मक्केत २०१५ साली कोसळलेल्या क्रॉलर क्रेनने तर काहीच उचललं नव्हतं. उंच बूम वादळात खाली घेतली नव्हती, एवढंच. शंभराहून अधिक माणसं गेली.

टॉवर क्रेन अशी आडवी निजवता येत नाही. म्हणून काम संपलं की ऑपरेटर फिरण्याचा ब्रेक मुद्दाम सोडून उतरतो. रात्री वाऱ्यात क्रेन आपोआप फिरताना पाहून लोक घाबरतात, पण ती वातकुक्कुटासारखी वाऱ्याला पाठ देत असते, म्हणजे रेटा कमीत कमी येतो. जिबवर भलामोठा फलक बांधला तर तिला नीट वळता येत नाही, आणि उत्पादकाची परवानगी नसताना असा फलक लावायचा नसतो.