अहमदाबाद आयआयएमची विद्यार्थी वसतिगृहे

भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या (आयआयएम) अहमदाबादमधील जुन्या आवारातील १८ इमारतींचा समूह. संस्थेत त्यांना ‘डॉर्म’ म्हणतात. संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांच्याकडे आवाराचे काम आले. त्यांना इथवर आणण्यात पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांचा मोठा वाटा होता. मुंबईच्या जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात शिकलेले अनंत राजे यांनी कान यांच्यासोबत काम केले आणि १९७४ मध्ये कान यांच्या निधनानंतर आवाराचे उरलेले काम पुढे नेले. भारतातील विद्यार्थी निवासाच्या रचनेचा विचार करताना या वसतिगृहांना वळसा घालून जाता येत नाही.

रचना : बहुतेक वसतिगृहांत मधोमध लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्यांची रांग असते. कान यांनी हा बोळच काढून टाकला. दहा-दहा खोल्यांचा गट जिना आणि चहाची खोली यांच्याभोवती बसवला. आपल्या खोलीकडे जाणारा प्रत्येक जण या सामाईक जागेतूनच जातो, त्यामुळे भेटीसाठी वेगळे निमित्त लागत नाही. यामागे शिक्षणपद्धतीचेही कारण होते. हार्वर्डच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या संस्थेत प्रत्यक्ष व्यवसायातील प्रकरणे चर्चेतून शिकवली जातात आणि त्या चर्चेची तयारी विद्यार्थी गटागटाने करतात. वर्गात सुरू झालेला वाद राहत्या जागेतही चालू राहावा, हे नकाशातच धरलेले होते. चहाच्या खोलीला दुय्यम सोय समजणे म्हणजे या इमारतींचे मर्मच नजरेआड करणे होय.

अहमदाबादच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. प्रवेश, जिना आणि न्हाणीघरे अशा ठिकाणी ठेवली आहेत, की खोल्यांवर थेट ऊन आणि झगझगाट येऊ नये, पण आरपार वारा अडू नये. भिंती गिलावा न केलेल्या विटांच्या आहेत. मोठ्या गोल पोकळ्या आणि चपट्या कमानी ही त्यांची ओळख. कमानीचा बाहेर रेटणारा जोर खालची काँक्रीटची पट्टी ताणाने धरून ठेवते. ही पट्टी झाकलेली नाही. भार कोण पेलतो आणि ताण कोण घेतो हे इमारतीकडे पाहूनच समजते. वसतिगृहांच्या मधली अंगणेही राहण्याच्या जागेचाच भाग आहेत.

ऱ्हास आणि वाद : उघड्या विटांना लोणा लागला, ओल आत गेली आणि बांधकामातील लोखंड गंजून फुगल्याने भिंतींना तडे गेले. २००१ च्या भूकंपाचाही फटका बसला. आवारातील विक्रम साराभाई ग्रंथालयाचे जतन मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या संस्थेने केले. त्या कामाला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. एवढे होऊनही डिसेंबर २०२० मध्ये १८ पैकी १४ वसतिगृहे पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव आला. देशविदेशातील वास्तुविशारदांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी कडाडून विरोध केला आणि १ जानेवारी २०२१ रोजी तो मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून संस्थेने काही इमारतींच्या पुनर्बांधणीचा विचार पुन्हा मांडला. राहणाऱ्या मुलांच्या जिवाची काळजी रास्तच आहे. मात्र ग्रंथालयाच्या कामाने दुरुस्तीचा मार्ग खुला असल्याचे दाखवल्यावर पाडण्याचा निर्णय शेवटचा असायला हवा होता, पहिला नव्हे.

सुगमता : या वादात एक प्रश्न मागे पडला. जिन्याभोवती गुंफलेली ही रचना व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्याला वरच्या मजल्यावरच्या चहाच्या खोलीपासून दूर ठेवते. तळमजल्यावर एखादी खोली ‘राखीव’ दिली की काम झाले, अशी समजूत अनेक वसतिगृहांत आढळते. ती अपुरी आहे, कारण झोपायला जागा मिळाली तरी मित्राच्या खोलीत जाता येत नाही आणि रात्रीच्या अभ्यासगटात बसता येत नाही. इथे तर सारा आराखडाच अशा भेटींसाठी आखलेला असल्याने हे वगळले जाणे अधिक बोचते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शिक्षणसंस्थांनी इमारती, आवार आणि सुविधा सुगम करणे अपेक्षित आहे. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. तांत्रिक बाजू अवघड नाही : उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, दार ९०० मिमी मोकळे हवे, व्हीलचेअर वळवायला १,५०० मिमी जागा हवी, अंध विद्यार्थ्यांसाठी जमिनीवर स्पर्शाने कळणाऱ्या फरशा हव्यात. जुन्या इमारतीत कस लागतो तो लिफ्ट कुठे उभी करायची यात. विटांची भिंत न फोडता, गटाच्या बाहेरच्या अंगाला हलक्या पुलाने जोडलेली लिफ्ट हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. त्याने चहाच्या खोलीचे मधले स्थानही टिकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेची मानके केवळ शिफारसवजा ठेवणारा नियम रद्दबातल ठरवला आणि बंधनकारक मानके आखण्यास केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली.