'बायकी' नायक आणि पीळदार नायक

चिनी मालिकेतला नायक पडद्यावर आला की घरात कुणीतरी म्हणतंच, "हा काय बायकी दिसतो!" नितळ गोरा चेहरा, निमुळती हनुवटी, दाढीमिशीचा पत्ता नाही. पण हा शेरा मारताना मोजपट्टी आपण पश्चिमेची धरलेली असते.

चिनी परंपरेत पुरुषाचे दोन साचे आहेत: 'वेन' म्हणजे विद्या-संस्कार आणि 'वू' म्हणजे शस्त्रबळ. दोन्ही पुरुषीच, पण मान बहुधा वेनला. सरकारी अधिकारपद शाही परीक्षेतून मिळायचं, आणि ती परीक्षा १९०५ साली बंद होईपर्यंत सुमारे तेराशे वर्षं चालली. उन्हात न रापलेला हात म्हणजे नांगर न धरावा लागणारा हात; स्थळ म्हणून तोच बरा.

गोऱ्या रंगाचं कौतुक तर परीक्षेहूनही जुनं. तिसऱ्या शतकातला ह यान नावाचा विद्वान इतका गोरा, की तो पावडर थापतो असा वेई राज्याच्या सम्राटाला संशय. भर उन्हाळ्यात त्याने ह यानला कढत शेवयांचं सूप पाजलं. घामाघूम झालेल्या गड्याने लाल बाहीने तोंड पुसलं, तर चेहरा आणखीच उजळला! वेई ज्ये नावाच्या नाजूक देखण्या तरुणाबद्दल तर सांगतात, की बघ्यांच्या गर्दीनेच तो बिचारा आजारी पडून गेला.

पश्चिमेत देखणेपण चेहऱ्यावरून धडावर उतरतं. ग्रीक तरुण आखाड्यात नागडेच व्यायाम करायचे, मूर्तिकार तेच शरीर घडवायचे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पॉलिक्लायटसने भालाधारी पुरुषाचा पुतळा केला आणि अवयवांच्या प्रमाणावर ग्रंथच लिहिला. चिनी चित्रातला विद्वान मात्र पायघोळ झग्यात. स्नायू दिसायची सोयच नाही.

अर्थात या भिंती पक्क्या नाहीत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारी पुरुष केसांचे टोप आणि उंच टाचा मिरवत होते. उलट २०२१ मध्ये चीनच्या प्रसारण नियामकानेच पडद्यावरच्या 'बायकी' पुरुषांवर बंदीचा बडगा उगारला.

आणि पावडर? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजीन सँडो हा पीळदार गडी रंगमंचावर येताना अंगभर पांढरी भुकटी फासायचा, संगमरवरी ग्रीक पुतळ्यासारखं दिसावं म्हणून. त्या गोष्टीत ह यानवर नुसता आळ होता. सँडोने खरोखर लावली.