जुना कूलर थंड मशीनमधून ओढून काढू नका

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर नवा एअर कूलर (त्याला थंड ठेवणारा, फॅन लावलेला धातूचा ठोकळा) बसवणं अवघड नाही. बॉक्समधल्या कागदावरची चित्रं बघत गेलं की बहुतेकांना जमतं. नुकसान होतं ते त्याआधी, जुना कूलर काढताना. आमच्या दुकानात वाकलेल्या पिनांचे जे प्रोसेसर येतात, ते बहुतेक एएमडी कंपनीच्या रायझनचे, एएम४ सॉकेटवरचे असतात. सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा.

या प्रोसेसरच्या खालच्या बाजूला १३३१ पिना असतात. सॉकेटची दांडी त्या पिना आवळून धरते एवढंच. वरून प्रोसेसरला अडवणारं काहीच नसतं. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे उष्णता वाहून नेण्यासाठी लावलेली थर्मल पेस्ट काही वर्षांत वाळून घट्ट होते. मग स्क्रू सोडवून कूलर सरळ वर ओढला, की दांडी बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून बाहेर येतो.

म्हणून आधी मशीन १०-१५ मिनिटं चालवा, गेम लावलात तर उत्तम. पेस्ट मऊ पडते. मग शटडाऊन करून पॉवरची वायर काढा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतले स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे सैल करा. कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा; पकड सुटली की हाताला कळतं. तेव्हाच उचला. फिरतच नसेल तर स्क्रू परत आवळून मशीन पुन्हा तापवा.

तरीही प्रोसेसर निघालाच, तर दांडी उभी केल्याशिवाय तो परत बसवू नका. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळला की प्रोसेसर आपोआप खाली बसतो. दाबावं लागतंय म्हणजे कुठेतरी पीन वाकली आहे. तिथेच थांबा आणि तो आहे तसा आमच्याकडे आणा.

पीन सरळ करण्याचे पैसे आम्ही काम यशस्वी झालं नाही तरी घेतो, हे काहींना खटकतं. पण भिंगाखाली बारीक सुईने एकेक पीन रांगेत आणावी लागते, आणि वाकलेली पीन सरळ करताना तुटूही शकते. त्यामुळे हमी देता येत नाही. असं नुकसान कंपनीच्या वॉरंटीतही बसत नाही.

एएमडीच्या नव्या एएम५ आणि इंटेलच्या सध्याच्या सॉकेटमध्ये प्रोसेसर धातूच्या चौकटीत अडकलेला असतो, तिथे ही भीती नाही.

बोर्डाच्या मागची जुनी बॅकप्लेट (कूलरचे स्क्रू जिच्यात आवळतात ती पट्टी) टाकून देऊ नका, एएम४ वर बऱ्याच नव्या कूलरना तीच लागते. जुनी पेस्ट पूर्ण पुसा. नवी तुरीच्या दाण्याएवढी पुरते. कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढा आणि फॅनची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा.

आमच्याकडून कूलर घेतलात तर जुना काढून नवा बसवून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. येताना कॅबिनेटचं मॉडेल तेवढं बघून या. टॉवर कूलर १५०-१६० मिलिमीटर उंच असतात आणि लहान कॅबिनेटचं झाकण मग लागत नाही.