आजोबांचं नाक आजोबांकडेच राहतं

बारशाचा कार्यक्रम आटोपला की पाळण्याभोवती एक ठरलेली बैठक बसते. "नाक हुबेहूब आजोबांचं." "कपाळ बघा, थेट मामाच्या वळणावर गेलाय." "हनुवटी मात्र आमच्या माहेरची हं." घुगऱ्या खाता खाता बाळाची अशी वाटणी चाललेली असते. अशाच एका बारशाला पाच वर्षांची एक चिमुरडी बराच वेळ हे सगळं ऐकत उभी होती. मग ती आजोबांजवळ गेली, त्यांच्या नाकाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "बाळानं तुमचं नाक घेतलं ना? मग हे तुमच्याकडे कसं राहिलं?"

सगळे हसले. मी मात्र त्या प्रश्नापाशी थांबले, कारण याच प्रश्नाशी जगातल्या मोठमोठ्या डोक्यांनी झुंज दिली आहे. चार्ल्स डार्विनलाही १८६८ साली वाटत होतं, की शरीराचा प्रत्येक अवयव आपले सूक्ष्म कण बाहेर सोडतो, ते कण प्रजननपेशींत गोळा होतात आणि पुढच्या पिढीत उतरतात. म्हणजे नाकातून काहीतरी खरोखर निघतं आणि बाळाकडे जातं. डार्विनचं हे म्हणणं चुकीचं ठरलं, पण पाच वर्षांची मुलगी त्याच वाटेवर उभी होती.

मी तिला विचारलं, "आजीनं तुझ्या आईला पुरणपोळी शिकवली. मग आजीची पुरणपोळी संपली का?" नाही म्हणाली. "आईनं आजीच्या वहीतून कृती उतरवून घेतली, वही आजीकडेच राहिली. तसं नाक जात नाही, नाक करायची कृती जाते." एवढं तिला पुरलं. डीएनए, गुणसूत्र, जनुक हे शब्द या वयात लागत नाहीत. कृती, तिची नक्कल, आणि प्रत्येक पदार्थाच्या दोन कृती, एक आईकडून आणि एक बाबांकडून. एवढ्यावर बरंच पुढे जाता येतं. आपल्याकडे आनुवंशिकतेचा धडा नववी-दहावीत येतो, प्रश्न मात्र त्याच्या कितीतरी आधी पडलेले असतात. मधल्या वर्षांत मुलं स्वतःची उत्तरं तयार करून बसतात आणि आपण त्यांना बऱ्याचदा चुकीची उदाहरणं देतो.

मीही दिली आहेत. चौथीच्या मुलांना मी एकदा घरचा अभ्यास दिला होता: जीभ नळीसारखी वळवता येते का ते स्वतः करून पाहा, मग आईबाबांना आणि भावंडांना करायला सांगा. दुसऱ्या दिवशी एक मुलगी गप्पच होती. तास संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "आमच्या घरी कुणालाच येत नाही, मला एकटीलाच येतं. मग मी कुणाची?"

मी शिकवलेल्या नियमानुसार तिच्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. जीभ वळवणं हा एका जनुकाचा, म्हणजे एकाच कृतीचा, प्रभावी गुण आहे (आई किंवा बाबा, एकाकडून कृती मिळाली तरी दिसणारा) असं कित्येक पुस्तकांत छापलेलं असतं. ते खरं असतं तर जीभ न वळणाऱ्या आईबाबांना जीभ वळवणारं मूल होऊच शकलं नसतं. हा समज आला १९४० साली, आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या नामांकित अमेरिकी शास्त्रज्ञाच्या लेखातून. पण १९५२ साली एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या गेल्या. त्यांतल्या ७ जोड्यांत एकाची जीभ वळत होती, दुसऱ्याची नाही. एकसारख्या जुळ्यांच्या कृती एकच असतात, तेव्हा हा एका जनुकाचा खेळ असणं शक्य नव्हतं. १९५१ सालच्या जपानी शाळकरी मुलांच्या पाहणीतही सहा-सात वर्षांची ५४ टक्के मुलं जीभ वळवू शकत होती, बाराव्या वर्षी ७६ टक्के. वाढत्या वयात ही गोष्ट पुष्कळांना जमू लागते. खुद्द स्टर्टेव्हंटनं पुढे आपलं म्हणणं मागे घेतलं. पुस्तकांतून ते अजून गेलेलं नाही.

कानाच्या पाळीचंही तसंच. मोकळी पाळी आणि चिकटलेली पाळी असे दोन सरळ कप्पे सांगितले जातात. वर्गातल्या तीस मुलांचे कान एका रांगेत नीट पाहा, पूर्ण मोकळ्यापासून पूर्ण चिकटलेल्यापर्यंत सगळ्या पायऱ्या दिसतील. २०१७ साली ७४ हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात पाळीच्या ठेवणीशी जोडलेल्या ४९ जागा जनुकसंचात सापडल्या. डोळ्यांचा रंग, त्वचेचा रंग, उंची, सगळीकडे अनेक जनुकं मिळून काम करतात. असले गुण घेऊन मुलांना आईबाबांशी ताडून पाहायला सांगणं हे विज्ञान म्हणून चूक आहे. त्यात वर्गात दत्तक आलेलं मूल असतं, आजीकडे वाढणारं असतं, वडील कधीच न पाहिलेलं असतं. त्या दिवसापासून मी हा अभ्यास देणं बंद केलं.

मग सुरुवात कुठून करायची? मुलांना काय आधी कळतं, यावर मानसशास्त्रज्ञांनी सुरेख काम केलं आहे. १९९१ साली सुसान गेलमन आणि हेन्री वेलमन यांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली: गाईचं वासरू जन्मल्यावर डुकरांमध्ये नेलं, तिथेच ते वाढलं. मोठं झाल्यावर ते हंबरेल की डुकरासारखा आवाज काढेल? शेपूट सरळ असेल की पिळदार? चार वर्षांची मुलंही म्हणाली, हंबरेल, शेपूट सरळच असेल. पण १९९६ साली ग्रेग सॉलोमन, सुसान केरी आणि सहकाऱ्यांनी माणसांची गोष्ट सांगितली. एका घरात जन्मलेला मुलगा दुसऱ्या घरात वाढला, तर त्याचे डोळे कुणासारखे होतील आणि समजुती कुणासारख्या? इथे सात वर्षांच्या आतली बरीच मुलं गडबडली. जन्मातून काय येतं आणि सहवासातून काय येतं, यांची नीट फारकत त्यांना करता येत नव्हती. म्हणजे प्राण्याची जात आधी कळते, घरातलं साम्य नंतर.

म्हणून मी आता कोकिळेपासून सुरू करते. कोकिळा स्वतः घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, हे मुलांना माहीत असतं. कावळी त्या पिल्लाला आपलंच समजून भरवते. त्याचे पहिले दिवस सगळे कावळ्यांच्या कावकावीत जातात. तरी वसंत आला की ते नर पिल्लू कुहू करतं. कुणी शिकवलं त्याला? हा प्रश्न विचारला की वर्गात जी शांतता पसरते ती मला फार आवडते. आणि लगेच उलटा प्रश्न: कानडी आईबाबांचं बाळ कोल्हापूरच्या मराठी घरात वाढलं तर कोणती भाषा बोलेल? मुलं क्षणाचाही वेळ न लावता म्हणतात, मराठी. आवाज अंड्यातून आला, भाषा घरातून. आता दोन ढीग करायचे, आणि मुलं स्वतःच गोष्टी आणून त्यांत टाकू लागतात. सायकल चालवणं या ढिगात, मांजराच्या अंगावरचे पट्टे त्या ढिगात. उंचीवर भांडण होतं आणि व्हायलाच हवं, कारण उंचीत कृतीही असते आणि ताटातलं जेवणही.

कान टोचणं तर आपल्या घरचंच उदाहरण. पणजीचे टोचलेले, आजीचे टोचलेले, आईचे टोचलेले. तरी दर बाळासाठी सोनाराला बोलवावंच लागतं, भोकं घेऊन कुणी जन्माला येत नाही. का? जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमन यांनी हेच उंदरांवर पाहिलं होतं. पाच पिढ्या शेपट्या कापल्या, ९०१ पिल्लं जन्मली, प्रत्येकाला पुरती शेपूट होती. पोळी तव्यावर करपली म्हणून वहीतली कृती बदलत नाही. उंदरांचा प्रयोग मुलांना क्रूर वाटतो, आणि मला त्यांचं पटतं. त्यांच्यासाठी कान पुरेसे आहेत.

खरा आनंद मात्र वाटाण्यात आहे. किराणा दुकानातून उसळीचे वाळके वाटाणे आणायचे, ते गोल आणि गुळगुळीत असतात. कृषी सेवा केंद्रातून मटाराचं बियाणं आणायचं, 'अर्केल' या नावानं मिळतं. ते बी सुरकुतलेलं असतं. (बियाण्याला बहुतेक वेळा औषध चोळलेलं असतं. ते बरणीत बंद ठेवूनच दाखवावं, मुलांच्या हातात देऊ नये.) दोन्ही वाटाणेच, एक उसळीचा आणि एक गोड. याच दोन रूपांचा संकर आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांनी आताच्या झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मठाच्या बागेत केला. १८५६ पासून जवळजवळ आठ वर्षं ते वाटाणे लावत आणि मोजत होते. गोल आणि सुरकुतलेल्याच्या पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. त्या गोल दाण्यांची रोपं आपसूक फळू दिली, तेव्हा सुरकुत्या परतल्या: ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. साधारण तीनास एक. नातवंडांत आजीचा गुण दिसावा तसं.

मुलांना मी मटाराची ताजी शेंग सोलायला देते आणि सांगते, यातला प्रत्येक दाणा म्हणजे वेगळं भावंड. आई एक, शेंग एक, तरी एकाच शेंगेत गोल दाण्याशेजारी सुरकुतणारा दाणा बसलेला असू शकतो. "माझ्यासारखी आणि दादासारखा," असं कुणीतरी म्हणतंच.

सुरकुत्या का पडतात हे १९९० साली इंग्लंडमध्ये उलगडलं. गोल वाटाण्यात एक विकर (एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं करणारं प्रथिन) साखरेपासून फांद्याफांद्यांचा स्टार्च रचतं. सुरकुतलेल्या वाटाण्यात त्या विकराच्या कृतीत मध्येच डीएनएचा एक परका तुकडा येऊन घुसला आहे. जणू वहीच्या पानात मधोमध कुणी दुसऱ्याच मजकुराची चिठ्ठी चिकटवली. विकर बनत नाही, साखर साखरच राहते, ती पाणी ओढून घेते, दाणा फुगतो, आणि वाळताना साल सैल पडतं. मटार गोड लागतो तो या चुकलेल्या कृतीमुळे! आणि दोन कृतींपैकी एक चांगली असली तरी काम भागतं, म्हणून पहिली पिढी गोल. 'प्रभावी' हा शब्द ऐकून मुलांना वाटतं, एक जनुक दुसऱ्यावर दादागिरी करतं. तसं काही नसतं, दोघींपैकी एकीला स्वयंपाक येत असला तरी घर जेवतं.

तीनास एक हे नाण्यांनी खेळून बघता येतं. मी आधी फोडलेले चिंचोके वापरत होते, पण त्यांची एक बाजू सपाट आणि एक फुगीर, दान सारखं पडेना. आता रुपयाची दोन नाणी उडवतो, एक आईचं, एक बाबांचं. छापा म्हणजे गोल, काटा म्हणजे सुरकुतलेला. दोन्ही काटे पडले तरच सुरकुत्या. चाळीसदा उडवलं की दहाच्या आसपास येतात, कधी सात, कधी तेरा. यातली सर्वांत मोलाची गोष्ट मुलांना खेळता खेळता कळते: मागचं दान पुढच्या दानाला ठाऊक नसतं. आत्ताच सुरकुतलेला आला म्हणून पुढचे तीन गोल येतील असं नाही.

हे साधं कळणं विदर्भात, नंदुरबारमध्ये जिवाचं आहे. तिथल्या अनेक समाजांत सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराचं, जनुक आढळतं. आईबाबा दोघंही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही एक चांगली आणि एक बिघडलेली कृती असेल, तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. 'एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन निरोगी होतील' हा समज अनेक घरांना महागात पडतो. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं. पण रक्ततपासणीच्या कागदाचा अर्थ लागायला ही दोन नाणी आधी हातात आलेली असावीत.

आणखी एक गोष्ट मी लवकर सांगते. मुलगा की मुलगी हे बाबांच्या नाण्यावर ठरतं, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांपैकी (गुणसूत्र म्हणजे कृतींची एक वहीच) आईकडे फक्त एक्सच असतो, बाबांकडे एक्स आणि वाय. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स यांनी हे एका किड्यात दाखवलं. मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरातही मुलं वाढत असतात. त्यांच्या कानावर हे आठवीच्या आत पडावं असं मला कळकळीनं वाटतं.

घरातल्या सगळ्यांचे रक्तगट लिहून आणा, हाही अभ्यास मी देत नाही. आईबाबांच्या गटांवरून बाळाचा गट सांगणारा एक तक्ता असतो, पण तपासणीत 'ओ' दिसणाऱ्या आईच्या बाळाचा गट एखाद्या वेळी तक्त्याबाहेरचा निघू शकतो. याचं कारण मुंबईतच सापडलं, १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. त्या दुर्मीळ गटाचं नावच बॉम्बे रक्तगट. ए किंवा बी ची कृती वहीत असते, पण ती ज्या पायावर उभी राहते तो 'एच' नावाचा पदार्थच बनत नाही, म्हणून साध्या तपासणीत रक्त 'ओ' दिसतं. बाळाला दुसऱ्या बाजूनं 'एच' मिळाला की लपलेली कृती उघडी पडते. एवढं न सांगता तक्ता हाती दिला तर घरात नको तो संशय शिरतो.

भावंडं वेगळी का, हे विचारणाऱ्या मोठ्या मुलांसाठी एक आकडा आहे. आपल्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या, प्रत्येक जोडीतलं एकच पुढे जाणार. एकाला तेवीसदा दुणत गेलं की येतात ८३,८८,६०८. एका पालकाकडून एवढ्या तऱ्हेची दानं पडू शकतात. एका मुलाच्या आजीनं हे ऐकून चौऱ्याऐंशी लक्ष योनींची आठवण काढली. आकड्यांचा तो योगायोग, पण तेव्हापासून त्या मुलाच्या तोंडी हा आकडा पक्का बसला.

पावसाळा सुरू झाला की आम्ही गुलबक्षी लावतो. तिच्या काळ्या, मिरीएवढ्या बिया मुलांना ओळखता येतात, आणि पेरल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलं येतात. जर्मनीत कार्ल कॉरेन्स यांनी लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला, तेव्हा पहिली पिढी गुलाबी आली आणि तिच्या बियांतून लाल, गुलाबी, पांढरी अशी तिन्ही परतली. इथे एक चांगली कृती पुरत नाही, अर्धा रंग अर्धाच दिसतो. अंगणातल्या गुलबक्षीत पिवळा रंग असतो, ठिपके आणि रेघाही असतात, त्यामुळे कॉरेन्सचं गणित जसंच्या तसं जुळत नाही. आम्ही आईझाडाचा रंग दोऱ्याच्या गाठीनं कुंडीवर खुणावून ठेवतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास फुलं उघडायला लागतात, तेव्हा मुलं वही घेऊन रांगेत बसलेली असतात. मागच्या वर्षी गुलाबी आईच्या सहा रोपांत एकही पांढरं आलं नाही. एका मुलीनं खाली लिहिलं होतं, "अजून बिया लावायला हव्यात."