फुलांची साखर करावी ती पावसाआधी

कोल्हापुरात फुलांची साखर, म्हणजे फुलांचा वास किंवा रंग उतरवलेली साखर, म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो: साखर कशाला, आपला गूळ का नको? आपल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान रास्तच आहे. पण या कामाला गूळ चालत नाही. त्यात मुळातच ओलावा असतो, शिवाय ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं आणि विशेषतः फ्रुक्टोज हवेतलं पाणी पटकन ओढून घेतं. गुळाचा खमंग वास तर असा की त्याच्यापुढे गुलाबाचं काही चालायचं नाही. साखर मात्र जवळजवळ शुद्ध सुक्रोज. तिला स्वतःचा वास नाही, म्हणूनच ती फुलाचा वास नीट दाखवते.

सगळा खेळ पाण्याचा आहे. ताज्या पाकळीत वजनाने बहुतांश पाणीच असतं. ती साखरेत मिसळली की परासरणाने, म्हणजे बाहेरच्या साखरेच्या ओढीने, पेशींमधलं पाणी बाहेर येतं आणि साखर विरघळू लागते. पाणी आपल्या दुप्पट वजनाची साखर सहज विरघळवतं, त्यामुळे एवढ्याशा ओलाव्याने वाटीभर साखरेचा चिकट गोळा होतो. गुलकंदात हेच हवं असतं. तिथला पाक इतका दाट असतो की बहुतेक जिवाणूंना त्यातलं पाणी वापरताच येत नाही. आपल्याला हवी सुटी साखर, म्हणून पाकळी आधी वाळवायची.

गावठी गुलाब ऊन चढायच्या आत तोडावा. पाकळीचं देठाकडचं पांढरं टोक खुडावं, ते कडवट लागतं. मग पाकळ्या सुती कापडावर पंख्याखाली पसराव्यात, उन्हात अजिबात नाही. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल ही गुलाबाच्या वासाची द्रव्यं उष्णतेने उडून जातात, रंगही उतरतो. बोटात धरल्यावर पाकळी पापडासारखी मोडली की एक वाटी पाकळ्यांना दोन वाट्या साखर घेऊन मिक्सरला फिरवावी आणि थोडा वेळ ताटात पसरून ठेवावी.

मोगऱ्याची तऱ्हा वेगळी. त्याची टपोरी कळी तोडल्यावरही रात्री उमलते आणि वास सोडत राहते, म्हणून तो वाळवायचा नाही. संध्याकाळी कळ्या मलमलीत बांधून साखरेच्या डब्यात ठेवाव्यात, सकाळी काढाव्यात. असं दोन-तीन रात्री केलं की साखर घमघमते. गोकर्णाला वास नाही, पण वाळवून दळलं की निळी साखर होते आणि लिंबू सरबतात तिचा रंग जांभळा होतो. आम्लात अँथोसायनिन या फुलातल्या रंगद्रव्याची रचना बदलते, त्याचा हा परिणाम.

फुलं मात्र आपल्या किंवा ओळखीच्या बागेतली, औषध न फवारलेलीच घ्यावीत. महाद्वार रोडवरच्या टोपलीतली फुलं देवाला वाहण्यासाठी असतात, खाण्यासाठी नव्हे. कण्हेर, बिट्टी आणि धोतरा विषारी आहेत. कण्हेरीतलं ओलिअँड्रिन थेट हृदयावर परिणाम करतं. ही फुलं शोभेलाही ताटात ठेवू नयेत.

हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेली की साखर स्वतःच पाणी शोषू लागते आणि आपल्याकडे जुलैत हवा बरेचदा त्याच्याही पुढे जाते. त्यामुळे हे काम मोगऱ्याच्या भरात, वैशाखातच उरकावं. बरणी काचेची, घट्ट झाकणाची असावी आणि चमचा कोरडा.